कोयरीच्या पायऱ्या

चित्रकलेच्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं की बिंदू चालू लागला की रेघ होते. तीस वर्षं मी हे वाक्य फळ्यावर लिहून दिलं आणि तीस वर्षं मला ते पटलं नाही. आमच्या घरात रेघ अशी चालत येत नसे. लाल धागा जिथं खाली जातो आणि काळा वर येतो, तिथं रेघ दिसते. ती कुणी काढलेली नसते. दोन रंगांची हद्द असते, एवढंच. हे मी तेराव्या वर्षी भर वर्गात बोलले आणि त्याची शिक्षाही भोगली. आज कुणी विचारलं तरी मी हेच सांगेन.

आमचं घर सोलापुरात, विणकरांच्या आळीत. खोल्या दोन, त्यातली मोठी मागाची. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो. ते लुगडी विणत. अम्मा भिंतीकडेला बसून रहाटावर कांड्या भरी. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या धोट्यात घालायचं सूत ज्यावर गुंडाळतात त्या या कांड्या. घरातलं बोलणं तेलुगू, पण नायनांची बाजारातली मराठी इतकी ठसक्याची होती की त्यांचं बोलणं मी इथं त्याच मराठीत लिहिणार आहे. गिरणीच्या पहिल्या भोंग्याला माग सुरू व्हायचा आणि आम्ही गिरणीत नसूनही त्याच भोंग्यानं जेवायचो.

माझ्याकडे काम होतं काठाच्या नक्षीचं. बारीक घरं आखलेला कागद असायचा. उभी एक ओळ म्हणजे एक धागा. घर भरलं की तो धागा उचलायचा, रिकामं सोडलं की खाली ठेवायचा. मी भरलेली घरं बघून नायना मागावरच्या लाकडी पट्ट्यांत खुंट्या मारत आणि चार दिवसांनी माझं रुईफूल नाहीतर कोयरी लुगड्याच्या काठावर उतरायची. नायनांच्या डोळ्यांना त्या बारीक घरांनी पाणी यायचं, म्हणून नवव्या वर्षापासून हे माझ्या गळ्यात पडलं होतं. गळ्यात पडलं म्हणते खरी, पण मला त्याचा भारी माज होता.

आमच्या आळीतून चौथीच्या पुढं शाळेत जाणारी मुलगी मी एकटीच. शाळेत आठवड्यातून दोनदा चित्रकलेचे मास्तर येत. धोतर, काळा कोट, खांद्यावर कडक घडीचं उपरणं, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द धुऊन वाळवून आणल्यासारखा. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर कोयरी काढली. हात खांद्यापासून एकदा फिरला आणि कोयरी तयार. "पट्टी नको, कंपास नको," ते म्हणाले, "नुसत्या हातानं काढा."

मी काढली. नुसत्या हातानं, मन लावून, सगळ्यात आधी. मास्तर माझ्या पाटीशी थांबले.

"हे काय आहे?"

"कोयरी."

"ही कोयरी? मला तर हा तळ्याचा घाट दिसतो. पायऱ्याच पायऱ्या!"

वर्ग हसला. मी पाटीकडे बघितलं. खरंच, माझी कोयरी एक घर वर, दोन घरं बाजूला, पुन्हा एक घर वर अशी चढत गेली होती. पाटीवर घरं आखलेली नव्हती तरी माझ्या हाताला ती दिसत होती. मला त्यात काही चूक वाटेना. मी आजवर काढलेल्या, बघितलेल्या, नेसलेल्या सगळ्या कोयऱ्या अशाच होत्या. चूक दिसत नाही आणि वर्ग मात्र हसतो, याचा जो संताप येतो तो मी त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवला.

मास्तर दुष्ट नव्हते. पुढच्या तासांना त्यांनी मला वेगळं बसवून शिकवलं. आडवी रेघ विसावलेली असते, उभी रेघ पहाऱ्याला उभी असते, तिरकी रेघ भांडते, असं ते सांगत. कागदावर पहिली रेघ ओढली की बघणाऱ्याचा डोळा कुठं जाणार ते आपण ठरवून टाकलं, हेही त्यांनीच सांगितलं. मला ते आवडलं, कारण ते मला माहीत होतं. काठाची रेघ नसती तर लुगड्यावर डोळा ठरला नसता, नुसता घसरत राहिला असता. काठच त्याला धरून पदरापर्यंत नेतो. पण तिरकी रेघ भांडते म्हणाले तेव्हा मी बोलून गेले, "आमच्याकडं तिरकी रेघसुद्धा पायऱ्यांचीच असते. भांडण पायरीपायरीनंच होतं." मास्तरांना हसू आलं, पण ते त्यांनी दाबलं.

त्याच वर्षी त्यांनी सांगितलं की सरकारी ड्रॉइंगची परीक्षा असते, ती दिली, मग तिच्या पुढची दिली, की मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी मिळू शकते. माझ्या डोक्यात तो किडा तेव्हाच शिरला. घरी जाऊन सांगितलं. अम्माच्या मते माझं लग्न एव्हाना व्हायला हवं होतं. नायना बराच वेळ धोटा फेकत राहिले, मग माग न थांबवता म्हणाले, "एक डाव बस. पास झालीस तर शाळा. न्हाय झालीस तर हितं बसायचं, अम्माच्या शेजारी, कांड्या भरत. मग रडायचं न्हाय."

मी कबूल झाले. कबूल होताना रहाटाकडे बघितलं नाही.

आता अडचण ही, की मास्तर माझं नाव पाठवायला तयार नव्हते. परीक्षेत पहिलाच पेपर नुसत्या हाताच्या रेघेचा आणि माझी रेघ अजून अडखळतच होती. "तुझ्या रेघेला वळणच नाही," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "कोयरी अशी असते होय कुठं? दाखव मला एक तरी."

"तुमच्या उपरण्यावर आहे की," मी म्हणाले.

मास्तरांच्या उपरण्याला लाल काठ होता आणि काठावर कोयऱ्यांची रांग. मी उठले, त्यांच्याजवळ गेले आणि काठावर बोट ठेवलं. शिकवणाऱ्याच्या अंगावरच्या कपड्याला हात लावायचा नसतो, तोही मुलीनं, तोही आमच्या आळीतल्या मुलीनं, हे मला कळत होतं. तरी लावला. "हे बघा. एक वर, दोन बाजूला. मोजा की."

त्यांनी मोजलं नाही. मला व्हरांड्यात उभं केलं, तो तास आणि पुढचाही. पायांना मुंग्या आल्या पण मला वाईट वाटलं नाही. खोटं बोलल्याबद्दल उभी राहिले असते तर वाटलं असतं.

तिसऱ्या तासाला मास्तर आले ते खिशात भिंग घेऊन. मला आत बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बावीस पायऱ्या आहेत. तू वीस काढल्या होत्यास." मग भिंग माझ्या हातात देऊन त्यांनी मला जे सांगितलं ते मी पुढं माझ्या प्रत्येक वर्गाला सांगत आले. "कापड आपण दोन हात लांबून बघतो. तिथं पायऱ्यांची गोलाई डोळा स्वतःच करून घेतो. कागद मात्र वीतभर अंतरावरून बघतात. तिथं डोळ्याचं काम हातानं करायचं. तुझी रेघ चूक नाही, पण परीक्षक काही माझं उपरणं पांघरत नाही. त्याला गोल लागते. शिकशील?"

माझी रेघ चूक नाही, हे ऐकल्यावर मी काहीही शिकले असते. कोळसा घेऊन आमच्या मागच्या भिंतीवर मी रोज कोयऱ्या काढल्या. मनगटानं नाही, खांद्यानं. पहिल्या पन्नास वाकड्या, मग बऱ्या, मग एके दिवशी हात थांबलाच नाही. गेला तो वळून थेट परत आला. मी भिंतीसमोर उभी राहून एकटीच हसले. अम्मानं भिंत बघितली आणि सारवायचा बोळा माझ्या हातात दिला.

आणि मग घरी घोटाळा झाला. सणाची लुगडी निघायची होती, नायनांनी नवी कोयरी मागितली. मी घरांच्या कागदावर ती काढली ती नव्या हातानं, सुंदर, गोल. रेघ घरांच्या मधून गेली होती. जिथं अर्धं घर आत आणि अर्धं बाहेर राहिलं, तिथं मी अर्धंच घर भरलं. नायनांनी अंदाजानं खुंट्या मारल्या. हातभर कापड विणून झाल्यावर ते पाय सोडून बसायच्या मागाच्या खड्ड्यातून उठले आणि त्यांनी मला हाक मारली. काठावर कोयऱ्या होत्या, पण सगळ्यांच्या माना मोडलेल्या.

"ह्ये अर्धं घर भरलंस," कागद माझ्या नाकासमोर धरून ते म्हणाले. "अर्धा धागा कसा उचलू? सांग की!"

ती सबंध दुपार नायना आडवे धागे एकेक करून उसवत बसले. माग बंद असला की आमचं घर परकं वाटायचं. उसवून झाल्यावर ते म्हणाले, "शाळेत तुजी रेघ चुकती म्हणत व्हते. आता घरात चुकायली. कुठल्या घरची ऱ्हायलीस तू? फारमवर माजी निशानी मिळनार न्हाय."

परीक्षेच्या फॉर्मवर वडिलांची सही लागणार होती. माझी गोल रेघ बघून मास्तरांनी नाव पाठवायचं कबूल केलं होतं, भरलेला फॉर्म माझ्या दप्तरात होता आणि शेवटची तारीख चार दिवसांवर आली होती.

रडले नाही. संताप आला, आणि तो दोघांचाही आला. शाळेला माझी पायरी नको, घराला माझी गोलाई नको. आणि मी मेहनत केली होती दोन्हींवर. मला वाटलं, माझा हात आहे, मी ठरवीन. मी नवा घरांचा कागद घेतला आणि नायनांच्या समोर, मागाच्या तोंडाशीच बसले. आधी अगदी फिकट हातानं एक गोल कोयरी ओढली, खांद्यापासून. मग तिच्या काठाकाठानं घरं भरत गेले. रेघ ज्या घराच्या मधोमध जाई, तिथं थांबून ठरवायचं: हे घर आत की बाहेर? पूर्ण आत, नाहीतर पूर्ण बाहेर. अर्धं काही नाही. भरून झाल्यावर फिकट रेघ पुसून टाकली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

नायना बघत होते. आधी ते नुसत्या मोजणीनं कोयरी काढायचे, मीही तशीच काढायचे. तिची मान नेहमी थोडी ताठ यायची. या कोयरीची मान लवली होती. एकही घर अर्धं नव्हतं.

"आदी गोल काडलीस?"

"हो. मग पायऱ्या."

त्यांनी खुंट्या मारल्या. संध्याकाळपर्यंत वीतभर काठ विणला, माग सोडून दोन हात लांब जाऊन उभे राहिले, मग आणखी दोन हात. अम्मालाही रहाटावरून उठवून तिथं आणून उभं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हात धुऊन म्हणाले, "फारम आन."

आमच्याकडे लिहिता न येणारी जुनी माणसं कागदावर आपापल्या धंद्याची निशाणी काढत. शेतकरी नांगर काढी. नायना धोटा काढत; त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला. मी तोवर तो कधी नीट बघितलाच नव्हता. त्यांनी टाक शाईत बुडवला, झटकला, आणि एका टोकापासून निघून वरून फुगत दुसऱ्या टोकाला, तिथून खालून फुगत परत पहिल्या टोकाला, टाक न उचलता एका दमात धोटा काढला. माझ्या शंभर कोयऱ्यांतल्या एकीलाही असं वळण आलं नव्हतं.

"नायना, तुम्हाला गोल येते?"

"पायऱ्या कापडाला असत्यात," ते म्हणाले. "धोटा काय पायऱ्या चढत जातो व्हय?"

शाळेच्या कारकुनानं फॉर्म बघितला आणि परत फेकला. "हे चित्र चालणार नाही. बापाला घेऊन ये, अंगठा उठवायला सांग." मी नायनांना घेऊन आले. ते माग सोडून तसेच आले, बोटं लाल रंगानं माखलेली. कारकून त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. शाईची गादी पुढं ढकलून म्हणाला, "हं, कर अंगठा."

"अंगठा न्हाय करनार," नायना म्हणाले. "अंगठा कुणाचाबी धरून उठवता येतो. मेलेल्याचाबी. ही रेघ दुसऱ्या कुणाला येती का बगा."

"नियम आहे."

"आसू दे की."

मी कोपऱ्यात उभी होते. एकीकडे वाटत होतं, नायना, करा अंगठा, माझं सगळं त्याच्यावर आहे. दुसरीकडे वाटत होतं, करू नका. दुसरं जास्त वाटत होतं, आणि ते अजून मला माझं मलाच बरं वाटतं.

आवाज ऐकून मास्तर आले. त्यांनी फॉर्म उचलला, धोट्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग एक कोरा कागद नायनांसमोर ठेवला. "पुन्हा काढाल?" नायनांनी काढला. मास्तरांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. उजेडात धोट्यावर धोटा बसला. रेघ एकच दिसत होती.

मास्तर कारकुनाकडे वळले. "आता तुम्ही तुमची सही दोनदा करून दाखवा."

कारकुनानं केली. मास्तरांनी तीही काचेला लावली. त्या दोन सह्या दोन वेगळ्या माणसांच्या वाटत होत्या. मग मास्तरांनी फॉर्मवर धोट्याशेजारी लिहिलं, 'निशाणी धोटा, माझ्यासमोर', आणि खाली स्वतःची सही ठोकली.

परीक्षा दिली. पहिल्या पेपरात माझी रेघ कुठंही अडखळली नाही. शेवटचा पेपर नक्षीचा होता. त्यात आलं होतं, लुगड्याच्या काठासाठी कोयरीची नक्षी काढा.

निकाल आला. पहिल्या पेपरात पास. नक्षीत नापास. म्हणजे परीक्षेत नापास.

मास्तरांनी विचारलं, "पायऱ्या काढल्यास?" मी हो म्हणाले. ते कपाळावर हात मारून निघून गेले.

घरी आले आणि कुणी न सांगता रहाटाशी बसले. एक डावच ठरला होता. अम्मानं सुताची लड पुढं केली. मी चार कांड्या भरल्या असतील, तेवढ्यात माग थांबला. नायना आले आणि त्यांनी रहाटावर हात ठेवला.

"गोल येत नव्हती?"

"येत होती."

"मग?"

"लुगड्याचा काठ काढा म्हणून होतं. लुगड्याचा काठ गोल नसतो. गोल काढली असती तर तो तुम्हाला विणता आला नसता."

नायना माझ्याकडे बघत राहिले. नजर अजून रागीट होती, पण राग माझ्यावर नव्हता, हे मला त्यांच्या हातावरून कळलं. हात रहाटावरून निघाला नव्हता आणि रहाट फिरू देत नव्हता.

"म्होरल्या साली फारम कवा मिळतंय?" त्यांनी विचारलं.

म्होरल्या साली नक्षीच्या पेपराला पितळेची थाळी आली. थाळी गोल असते, मी गोल काढली, आणि पास झाले. पुढची परीक्षाही दिली, नोकरी लागली, हजारो मुलींच्या हातांना मी वळण लावलं. एखादीनं पायऱ्यांची कोयरी काढली तर तिला मी कधी हसले नाही आणि कुणाला हसू दिलं नाही. पण त्या पास होण्याची हकिगत मी फारशी सांगत नाही. सांगते ती त्याआधीच्या एका सकाळची.

त्या दुसऱ्या सालचा फॉर्म भरायचा दिवस. नायना त्या वेळी स्वच्छ बंडी घालून आले होते, बोटं मात्र लालच. कचेरीत तोच कारकून होता. त्याच्या टेबलावर उजव्या हाताला शाईची गादी होती. आम्हाला दारात बघून त्यानं मान खाली घातली, फॉर्म माझ्याकडून घेतला, वाचला. मग गादी उचलून खाली खणात ठेवली, टाक दौतीत बुडवला, झटकला, आणि तो नायनांच्या हातात दिला.

नायना वाकले. मी आणि कारकून दोघंही बघत होतो. रेघ निघाली, वरून गेली, वळली, आणि न थांबता परत आली.